चिकनचं पाणी

काका त्यांच्या मांजरीला, चिंगीला, माझ्या दवाखान्यात नेहमी पिंजऱ्यातून आणतात. त्या दिवशी टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून आणलं. टॉवेल थोडा बाजूला केला तर तोंड किंचित उघडं आणि पोट भात्यासारखं हलतंय. मांजर तोंडाने श्वास घ्यायला लागलं म्हणजे वेळ फार थोडा असतो, आणि अशा मांजराला धरून तपासायला गेलं तर ते टेबलावरच दगावू शकतं. म्हणून फ्युरोसेमाइड, म्हणजे छातीत साचलेलं पाणी उतरवणारं औषध टोचलं, तिला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, 20 मिनिटं कुणीही हात लावायचा नाही.

ती 20 मिनिटं मी बाहेर काकांजवळ बसले. त्यांना बोलायचं होतं. "मॅडम, चार दिवसांपूर्वी कपाट इकडचं तिकडे केलं. तेव्हापासून ही त्याला धडकतेय. मला वाटलं, रुसली."

धाप आणि धडकणं. या दोन गोष्टी एका मांजरात एकत्र ऐकल्या आणि माझ्या पोटात गोळा आला.

श्वास जरा खाली आल्यावर तिला अंधाऱ्या खोलीत नेलं. बाहुल्या भरून मोठ्या झालेल्या, बॅटरीच्या उजेडातही धड मिटत नव्हत्या. डोळ्यांसमोरून कापसाचा बोळा सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, म्हणून दिसणारं मांजर त्याच्यामागे नजर नेतं. चिंगीने कान फिरवला माझ्या बाहीच्या सळसळीकडे, नजर जागची हलली नाही. मग ऑफ्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या दुर्बिणीने, आतला पडदा पाहिला. दृष्टीची नस जिथे आत शिरते त्याच्या शेजारून सुरू झालेला चकचकीत पट्टा, म्हणजे पडदा झिजल्याची खूण, आता जवळजवळ सगळ्या पडद्यावर पसरला होता. हे चार दिवसांत होत नाही, महिने जातात. इतके महिने ती घर पाठ करून वावरत होती. कपाट हललं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर घोड्याच्या दौडीसारखे तिहेरी ठोके, मिनिटाला 220. सोनोग्राफीत हृदय फुग्यासारखं ताणलेलं, भिंती पातळ, आकुंचन अगदी दुबळं. संशय टॉरिनच्या कमतरतेचा होता; मांजराला हे अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं. औषध सुरू करण्याआधी टॉरिन मोजायला रक्त काढून ठेवलं, कारण एकदा डोस गेला की तो निकाल कामाचा राहत नाही. मग निकालाची वाट न बघता टॉरिन सुरू केलं, दिवसातून दोनदा 250 मिलिग्रॅम, जोडीला हृदयाचं औषध.

त्यानंतर मी काकांना विचारलं, "ही खाते काय?"

काकांनी पिशवीतून वही काढली. दीड वर्षाच्या नोंदी, तारीखवार, ग्रॅममध्ये. चिकनचा फक्त छातीचा भाग, कातडी काढून, चरबीचा कण न ठेवता. भरपूर पाण्यात उकडायचं, पाणी ओतून द्यायचं, मऊ तुकडे करून द्यायचे. काकांना स्वतःला हृदयाचा त्रास आहे, आणि त्यांच्या डॉक्टरांनी चरबी बंद केली आहे. "मला जे पथ्य तेच तिला. म्हटलं, निदान तिचं तरी हृदय चांगलं राहील."

टॉरिन प्रामुख्याने स्नायूंमध्ये असतं. हृदयात भरपूर, पायाच्या गडद मांसात बऱ्यापैकी, छातीच्या पांढऱ्या मांसात फार कमी. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे उकडताना जे थोडं असतं तेही पाण्यात उतरतं. माणूस आणि बहुतेक कुत्री ते शरीरात तयार करतात. मांजराला ते पुरेसं करता येत नाही आणि साठवताही येत नाही, कारण त्याचं पित्त टॉरिनवरच चालतं आणि त्यातलं काही रोज आतड्यावाटे जातं. घडा खालून गळतोय आणि वरून कुणी भरत नाही, अशी चिंगीची दीड वर्षं गेली. दिवसागणिक मोजूनमापून.

डोळ्याचा पडदा आणि टॉरिन यांचा संबंध 1975 सालीच कळला होता. हृदयाचा संबंध 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवला, आणि त्यांची मांजरं बाजारातलं तयार खाद्य खाणारी होती. कंपन्यांनी त्यानंतर टॉरिन वाढवलं आणि हा आजार इतका कमी झाला की आमच्या पिढीला तो पुस्तकातच भेटतो. मी सुद्धा इतक्या पुढे गेलेली केस पहिल्यांदा पाहिली. शिकताना आहारशास्त्राचा सगळा भर दुभत्या जनावरांवर होता. मांजर दोन-चार पानांत संपलं. मग आम्ही काय करतो? लस टोचतो आणि "चांगलं खायला घाला" एवढं सांगतो. चांगलं म्हणजे काय, हे पाळणाऱ्याने स्वतःच ठरवायचं. ज्याला जे पथ्य ठाऊक, ते तो मांजराला लावतो. कुणी शाकाहारी करतो, कुणी कुत्र्याचंच खाद्य पुढे ठेवतो, कुणी मोठ्या मांजराला रोज दूध पाजून जुलाबाची तक्रार घेऊन येतो. प्रेम कुणाचंच कमी नसतं, याचाच मला जास्त त्रास होतो.

तिसऱ्या दिवशी, चिंगीची धाप थांबल्यावर, त्याच वहीच्या कोऱ्या पानावर मी आणि काकांनी नवं खाद्य ठरवलं. काकांनी दोन नमुने आणले होते, एक डबा आणि एक कोरडं पाकीट. डब्यावर प्रथिनं 10 टक्के, पाकिटावर 32. काकांनी अर्थातच पाकीट पुढे सरकवलं. मी म्हटलं, आधी पाणी वजा करा. डब्यात 78 टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग 22. त्यात 10 म्हणजे 45 टक्के. पाकिटात पाणी 10, कोरडा भाग 90. त्यात 32 म्हणजे साधारण 36. काकांनी गणित दोनदा करून पाहिलं आणि डबा उचलला. मलाही तोच हवा होता. मांजराची तहान मुळात मंद, त्याला पाणी शिकारीतूनच मिळायचं, आणि कोरडं खाणारी बरीच मांजरं ती तूट भांड्यातून पुरती भरून काढत नाहीत.

पुढची चित्रं आणि "नैसर्गिक", "धान्यविरहित" हे शब्द बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा, असं मी त्यांना सांगितलं. तिथे "संपूर्ण आणि संतुलित आहार" असं लिहिलेलं हवं आणि ते कोणत्या वयासाठी आहे तेही हवं. "पूरक" लिहिलेलं असेल तर ते वरचं तोंडीलावणं, जेवण नव्हे. साडेतीन किलोच्या चिंगीला दिवसाला साधारण 200 कॅलरी. काकांनी लगेच ग्रॅम काढले. आणि बदल एकदम नको, 7 ते 10 दिवसांत, जुन्यात नवं मिसळत. भूक लागली की खाईल म्हणून मांजराला उपाशी ठेवता येत नाही. काही दिवस पोटात काही गेलं नाही तर चरबी यकृतात साचते आणि नवंच दुखणं उभं राहतं, लठ्ठ मांजरात तर जास्तच.

हे सगळं झाल्यावर काका म्हणाले, "मॅडम, एक विचारू? ते पाणी ओतून द्यायचो, त्यातच होतं ना ते?"

मी काही क्षण गप्प राहिले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पाणी दिलं असतं तरी नुसत्या छातीच्या मांसावर भागलं असतं की नाही, याची खात्री नव्हती. त्यात कॅल्शियमही नावालाच होतं, अ जीवनसत्त्वही नावालाच. मी तसं सांगितलं. पण काकांनी त्यातलं फक्त "हो" ऐकलं. वही मिटली आणि बराच वेळ तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसले.

रक्ताचा निकाल तीन आठवड्यांनी आला, टॉरिन फार कमी. तोवर चिंगी जिना चढायला लागली होती. तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत भिंतींची हालचाल जवळजवळ नेहमीसारखी दिसली, घोड्याची दौड थांबली होती. डोळे तसेच आहेत. पडद्याचं जे गेलं ते परत येत नाही. काकांनी कपाट जुन्या जागी नेऊन ठेवलंय.

त्या संध्याकाळी मी चिंगीचं जुनं कार्ड काढलं. वर्षभरापूर्वी ती लसीसाठी आली होती. वजन, ताप, दात, सगळं माझ्याच अक्षरात. आहाराच्या रकान्यात लिहिलंय, "घरचं, चिकन". कसलं, कसं शिजवलेलं, सोबत काय, काहीच विचारलेलं नाही. काकांची वही तेव्हाही त्यांच्या पिशवीत असणार.

काका दर महिन्याला येतात, आणि दर वेळी त्या पाण्याबद्दल स्वतःला बोल लावतात. ते कार्ड मी त्यांना अजून दाखवलेलं नाही.