वर्गात होते, पण शिकवत नव्हते

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पट 60 पर्यंत असला की शिक्षक दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे.

त्या वर्षी बीएलओचं, म्हणजे मतदार याद्या तपासायचं काम माझ्याकडे आलं. शिवाय यू-डायसवर शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, आधारची जुळवणी, पोषण आहाराच्या नोंदी. ग्रुपवर 'तात्काळ' दिसलं की पोटात गोळा यायचा. रात्री तीनला जाग यायची, ती पहाटेपर्यंत.

एक दिवस फळ्यावर लिहीत होते. मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हाई तं तुम्ही काल शिकाडं व्हतं." खरंच होतं ते. आमच्या मुलांची घरची बोली अहिराणी. आधी मी गोष्ट अहिराणीत सांगायची, मग पुस्तकातल्या मराठीत. ते कधी बंद पडलं, मला आठवेना.

त्याहून वाईट पुढे आहे. डिसेंबरात दुसरीतल्या एका मुलीला वाचायला उभं केलं, तर तिला काना-मात्राही जमेना. तिची वही उघडली. प्रत्येक पानावर माझी लाल सही होती. मी न बघता सह्या करत होते. त्या दुपारी मी सरांसमोर रडले.

घरी सासूबाई म्हणाल्या, "सरकारी नोकरीत कसला आला ताण?" बहुतेकांना असंच वाटतं, म्हणून आपण बोलत नाही. सरांनी टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला. फोन मोफत, मराठीत बोलता येतं. तिथल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना भेटा म्हणाल्या. जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. मग समजावलं, की कामाच्या न संपणाऱ्या ताणाने असं पार थकून जाणं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणात नोंदवलंय, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. माणूस थकतो, कामापासून मनाने तुटतो आणि काम बिघडतं. त्या वहीतल्या सह्या मला तेव्हा कळल्या.

झोपेसाठी थोडे दिवस गोळ्या आणि पंधरा दिवस वैद्यकीय रजा घेतली. रजेत शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 वाचलं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. बीएलओचं काम निवडणुकीतच मोडतं, म्हणजे ते टळणार नव्हतं. पण बाकीच्याचं काय? केंद्रप्रमुखांना लेखी कळवलं, की परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत माझा मोबाईल कपाटात असेल, माहिती त्यानंतर मिळेल. ते नाराज झाले. पण सर माझ्या बाजूने उभे राहिले आणि ऑनलाइन नोंदी आम्ही दिवस वाटून घेतल्या.

त्या मुलीला रोज वीस मिनिटं शेजारी घेऊन बसायची. आधी अहिराणीतले तिच्या घरचे शब्द, मग पुस्तकातले. मार्चअखेर ती सावकाश, बोट ठेवून वाचू लागली. जोडाक्षरं राहिली आहेत, ती जूनमध्ये घेणार आहे.