जुन्या मिनीचं सस्पेन्शन: आधी रबर, मग बाकी सगळं

जुनी मिनी घेतली की पहिला खर्च बहुतेक जण शॉक अॅब्सॉर्बरवर करतात. महागडे, अॅडजस्टेबल, चारही एकदम. गाडी तरीही आपटते, कारण बिघाड शॉकमध्ये नसतोच. या गाडीला कॉइल स्प्रिंग नाही आणि पाटेही नाहीत. चारही चाकांवरचं वजन रबराच्या चार कोनांवर (शंकूच्या आकाराच्या रबरी स्प्रिंगांवर) असतं, आणि रबर वर्षानुवर्षं दबून बसतं.

ब्रिटिश अभियंते अॅलेक्स मोल्टन यांनी १९५९ च्या मिनीसाठी रबर निवडलं त्याला पक्कं कारण होतं. रिकामी गाडी साधारण ६००-६५० किलोची. चार मोठी माणसं बसली की जवळजवळ तिच्या निम्मा भार वाढतो. साध्या स्प्रिंगला हे पेलवायचं तर ती रिकाम्या गाडीत फार कडक ठेवावी लागते. रबर जसजसं दबतं तसतसं कडक होत जातं. म्हणूनच या गाडीला कॉइलचं किट बसवावं असं मला वाटत नाही. सुरुवातीला मऊ वाटतं, पण मागे दोघं बसल्यावर ज्या गुणाची गरज असते तोच आपण काढून टाकलेला असतो.

पार्ट मागवण्याआधी गाडी कोणत्या प्रकारची आहे ते बघा. १९६४ पासून काही वर्षं मिनीला हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन होतं. त्यात रबरासोबत दाबाखालचा द्रव असतो आणि एका बाजूचं पुढचं-मागचं चाक पाइपने जोडलेलं असतं. त्याला खास पंप लागतो, घरी उघडू नये. पुढचं सगळं रबर कोनच्या गाडीबद्दल आहे.

कोनचा भार अॅल्युमिनियमच्या ट्रम्पेटमधून (कर्ण्याच्या आकाराच्या दांड्यातून) नकल जॉइंटवर, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्यावर, आणि तिथून चाक धरणाऱ्या आर्मवर येतो. तरफेचं गणित इथे सगळ्यात महत्त्वाचं. ट्रम्पेटची लांबी १ मिमी बदलली की पुढे गाडीची उंची साधारण ३ मिमी बदलते आणि मागे साधारण ५ मिमी. त्यामुळे नकल जॉइंटची प्लास्टिकची वाटी पूर्ण आत बसली नाही, २ मिमी वर राहिली, तर मागचा एक कोपरा सेंटिमीटरभर उंच दिसतो आणि माणूस दोष देतो नव्या कोनला. कोन बदलताना नकल जॉइंटही नवेच घाला, ग्रीस भरपूर भरा, धुळीचं रबरी टोपण नीट बसलंय ना ते बघा. खड्ड्यातून जाताना येणारा कुईकुई आवाज बहुधा कोरड्या नकलचा असतो.

मागचे कोन बदलण्याचं काम सोपं. गाडी सबफ्रेमखाली (सस्पेन्शन ज्यावर बसतं त्या लोखंडी चौकटीखाली) स्टँडवर घ्या, शॉक सोडवा, आर्म खाली घ्या, ट्रम्पेट मागे ओढून काढा. डाव्या शॉकचं वरचं टोक डिकीतल्या पेट्रोलच्या टाकीमागे असतं, म्हणजे टाकीचा पट्टा सोडून ती सरकवावी लागते. आर्म ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. पुढे मात्र कोन दाबून धरणारं खास हत्यार लागतं. ते सबफ्रेमच्या टॉवरच्या (कोन ज्यात बसतो त्या उभ्या भागाच्या) वरून कोनच्या मधल्या आट्यांत बसतं. साधारण १९७६ पर्यंतच्या गाड्यांत हे आटे इंची आहेत, नंतर मेट्रिक. चुकीचं हत्यार दोन फेरे बसल्यासारखं वाटतं आणि जोर आल्यावर आटे मारून सुटतं. दाबलेल्या रबराची ताकद मोठी असते, हात जवळ असेल तर बोटं जातील. आधी कुणीतरी दुसऱ्या सालचे कोन गाडीत बसवलेले असू शकतात, त्यामुळे सालावर भरवसा न ठेवता आटे तपासा.

मागच्या आर्मला हात लावणारच आहात तर तो ज्यावर फिरतो तो पिनही बघून घ्या. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, किंवा मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली, तर पिन आणि बेअरिंग गेलेत. एका टोकाला नीडल बेअरिंग, दुसऱ्या टोकाला ब्रॉन्झचा बुश (नळीसारखं अस्तर). नवा बुश रीमरने मापात आणावा लागतो, म्हणून तयार केलेला बदली आर्म घेणं शहाणपणाचं. आतली ग्रीसची नळी हरवलेली असेल तर निपलमधून कितीही ग्रीस मारा, लांबच्या टोकाला पोचत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या गाडीत याच वेळी मागची सबफ्रेमही पेचकसने टोचून बघा.

उंची बदलता येणारे हाय-लो ट्रम्पेट घेण्यासारखे आहेत, गाडी खाली करण्यापेक्षा चारही कोपरे सारखे आणण्यासाठी. आट्यांना ग्रीस लावूनच बसवा. नवे कोन पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये बसतात, म्हणून सुरुवातीला गाडी थोडी उंच ठेवा आणि शेवटचं माप नंतर घ्या. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा. फार खाली केलेली गाडी प्रत्येक गतिरोधकावर बंप स्टॉपवर (आर्मची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) बसते, आणि तिथे कोनच्या रबराचा काहीच उपयोग उरत नाही.

पुढच्या टाय बारचे (खालच्या आर्मला पुढे-मागे हलू न देणाऱ्या सळईचे) रबरी बुश थोडक्यात: फुटले असतील तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. बदला. दीड अंश निगेटिव्ह कॅम्बरचे (चाक वरच्या बाजूने आत झुकवणारे) खालचे आर्म वळणावर खरोखर फरक दाखवतात, पण ते बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं. पुढची चाकं १.६ मिमी टो-आउट (पुढच्या कडा किंचित बाहेर), मागची ३.२ मिमी टो-इन (पुढच्या कडा किंचित आत). चालकशक्ती पुढच्या चाकांना आत ओढते, म्हणून पुढे टो-आउट. हे माहीत नसलेला अलाइनमेंटवाला सवयीने टो-इन करून देतो, तेव्हा आकडे कागदावर लिहून न्या.

मागे खाली केलेल्या गाडीला मूळ लांबीचे शॉक ठेवले तर जॅक लावल्यावर आर्म जास्त खाली लोंबतो, ट्रम्पेट सैल होतो आणि नकलचा गोळा वाटीतून निसटतो. लगेच कळत नाही. गाडी खाली टेकवली की वाटी फुटते. म्हणून छोटे शॉक घाला, आणि मागचं चाक जमिनीला टेकवण्याआधी दर वेळी हात घालून गोळा जागेवर आहे का ते चाचपून बघा.