मॅग्नेटोमीटर नोंद ७: दुपारच्या फुगवट्याचा छडा लागला

माझा मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक बदल टिपतो. मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की एच घटकातला, म्हणजे क्षेत्राच्या आडव्या भागातला, दुपारचा फुगवटा हा एसक्यूच आहे, म्हणजे शांत दिवसांतला रोजचा चढउतार, आयनोस्फियरमधल्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या) दिवसाच्या प्रवाहांचा. त्यात मी बरीच चुकले.

अडचण अशी की एसक्यू दिवसा चढतो आणि सेन्सरही दिवसाच तापतो. आलेखात दोघं एकमेकांत इतके मिसळलेले की तीन आठवडे डोकं फोडूनही वेगळे होईनात. मग लक्षात आलं, रात्री एसक्यू जवळपास नसतोच! तेव्हा सेन्सर मुद्दाम तापवला, तर जे हलेल ते निव्वळ तापमानाचं.

केपी (चुंबकीय खळबळीचा ० ते ९ असा निर्देशांक) १ असलेली शांत रात्र निवडली. गरम पाण्याची प्लास्टिकची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याला टेकवली, लोखंडाचं काही आसपास ठेवलं नाही. तापमान २४ वरून ३५ अंशांवर गेलं आणि रेष ३८ नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) सरकली. बाटली काढल्यावर हळूहळू मूळ जागी परत आली. म्हणजे अंशाला साधारण साडेतीन. शिवाय थर्मामीटर झाकणाला चिकटवलेला, त्यामुळे सेन्सर त्याच्या वीसेक मिनिटं मागे असतो. तेही धरून दुरुस्ती केली. फुगवटा निम्म्याहून कमी झाला आणि त्याचं शिखर पावणेतीनवरून साडेअकराला आलं, एसक्यूचं जिथे असायला हवं तिथेच. तो आलेख मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

आरएम३१०० हा चुंबकीय सेन्सर घेतल्याचं समाधान आहे. आधी एका विक्रेत्याने एचएमसी५८८३ या स्वस्त सेन्सर चिपचं म्हणून दिलेल्या मॉड्यूलवर तिच्यासारखीच पण वेगळी क्यूएमसीची चिप निघाली होती. आय-स्क्वेअर-सी (चिपशी बोलायच्या जोडणीचा) पत्ताच वेगळा, म्हणून कोड तासन्‌तास गप्प. तसंही चुंबकीय वादळं टिपायच्या कामाला दोन्ही चिप फार ढोबळ. नवख्यांनी तिथे पैसे घालवू नयेत.

परवाच्या हॅलो सीएमईच्या (सूर्यावरून थेट पृथ्वीच्या रोखाने सुटलेल्या प्लाझ्माच्या ढगाच्या) पोचण्याच्या वेळेचा माझा ड्रॅग मॉडेलचा, म्हणजे सौरवाऱ्याचा अडथळा धरून काढलेला, अंदाज मात्र नऊ तास हुकला. पण एल१वर (पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला असलेला बिंदू, जिथली याने सौरवारा मोजतात) त्याचा धक्का दिसला तेव्हा सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ५३० किमी होता. तिथून पृथ्वीपर्यंतच्या १५ लाख किमीला ४७ मिनिटं धरली, आणि माझ्या रेषेने ४४व्या मिनिटाला टुणकन उडी मारली. स्वच्छ, एका झटक्यात! पुढे बीझेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक; दक्षिणेकडे वळला तर वादळ भडकतं) उत्तरेकडेच राहिला, म्हणून केपी ४ च्या वर गेला नाही.

आता सेन्सर मीटरभर खोल पुरायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की आधी तिन्ही अक्षांचे तापमान-गुणक काढावेत. पुरल्यावर तापवायची सोय राहणार नाही. आजही केपी १ आहे, झेडपासून सुरुवात करते. पाणी गरम करायला ठेवलंय.