आई-अप्पांना घेऊन डिस्ने वर्ल्ड: राहायचं तर किडानी व्हिलेजला

आपल्या लातूर-उदगीरकडची बरीच मंडळी आता पोरांकडं अमेरिकेला जायलेत आन् त्यात फ्लोरिडातल्या ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड ठरलेलंच असतं, म्हणून नीट सविस्तर लिहितो. माझा भाऊ टँपाला आहे, तिथून ऑरलँडो कारनं दीडेक तास, म्हणून आई-अप्पा, बायको, लेकरं सगळे मिळून गेलो. विमान आम्ही हैदराबादहून धरलं, लातूरकरांना मुंबईपेक्षा तेच जवळ पडतं.

डिस्ने वर्ल्डमधल्या ॲनिमल किंगडम लॉज ह्या हॉटेलाच्या शेजारी शेजारी दोन इमारती आहेत, जांबो हाऊस आन् किडानी व्हिलेज, आन् बुकिंग करताना लई गोंधळ होतो. आधी हे कसं कसं बांधत गेले ते कळलं की कुठं राहायचं ते आपोआप ठरतं. डिस्नेचं जनावरांचं पार्क, ॲनिमल किंगडम, 1998 ला सुरू झालं आन् त्याच्याजवळचं आफ्रिकन थीमचं हॉटेल, ॲनिमल किंगडम लॉज, एप्रिल 2001 ला उघडलं. पीटर डॉमिनिक नावाच्या आर्किटेक्टनं ते आफ्रिकेतल्या गुरांच्या वाड्याच्या धर्तीवर अर्धगोलाकार बांधलं, मधे गवताळ रान सोडलं, म्हणजे खोलीच्या गॅलरीतून जिराफ, झेब्रे दिसतात. तेव्हा टाइमशेअरचा, म्हणजे सुट्टीच्या घरात हिस्सा विकत घ्यायच्या पद्धतीचा, तिथं पत्ता नव्हता. डिस्नेचा व्हेकेशन क्लब मात्र 1991 पासूनच चालू होता, त्यात मालकीतला एक हिस्सा विकत घ्यायचा, दरवर्षी पॉइंट मिळतात, ते खर्चून राहायचं. 2007 ला ह्याच लॉजचा पाचवा-सहावा मजला बदलून तिथं क्लबचे व्हिला, म्हणजे घरासारखे फ्लॅट, केले आन् मग 2009 च्या मे महिन्यात शेजारच्या जागेवर अख्खी नवी इमारत उघडली, तेच किडानी. जुन्या इमारतीला जांबो हाऊस म्हणायला लागले ते ह्याच्यामुळंच.

आता कामाचं. जांबो हॉटेल म्हणून बांधलेलं, त्यामुळं मोठी लॉबी आन् बहुतेक खाण्यापिण्याच्या जागा तिकडंच. किडानी मात्र कुटुंब घेऊन मुक्काम करणाऱ्यांसाठीच बांधलेलं, एक बेडरूमच्या व्हिलात पूर्ण किचन, वॉशिंग मशीन, ड्रायर आन् बाथरूम दोन, म्हाताऱ्या माणसांसोबत ह्या दोन बाथरूमची किंमत कळते. स्टुडिओत फक्त छोटा फ्रिज आन् मायक्रोवेव्ह, शेगडी नाही, तर स्वयंपाक करायचा असेल तर स्टुडिओ घेऊ नका. आम्ही येसर, शेंगदाण्याची चटणी आन् ज्वारीचं पीठ नेलं होतं (विमानतळावर खायचं सामान आहे म्हणून आधीच सांगा, लपवू नका), आईनं रोज सकाळी भाकरी टाकल्या. गाडी इमारतीच्या खालीच लागते, ऊन-पावसाचं टेन्शन नाही. पण किडानीचे कॉरिडॉर खूपच लांब आहेत, आई-वडील सोबत असतील तर लॉबीजवळची खोली बुकिंगच्या वेळेलाच मागून ठेवा. खोलीची साफसफाई रोज होत नाही.

व्ह्यू सव्हानाचाच, म्हणजे जनावरं चरतात त्या गवताळ रानाचा, घ्या, पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा. स्टँडर्ड व्ह्यूत पार्किंग नाहीतर स्विमिंग पूल दिसू शकतो, मग इथं येऊन उपयोग काय. अप्पांना पार्कमधल्या राइडमधे काडीचा रस नव्हता, ते सकाळी उजाडल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. पण सगळ्यात जास्त रमले ते जांबोकडं आफ्रिकेतल्या अंकोले जातीच्या गाई बघून, ही एवढी जाड लांब शिंगं! जन्मभर देवणी जनावरं सांभाळलेला माणूस, तिथल्या आफ्रिकेतून आलेल्या गाइडला ह्या गाई किती दूध देतात, कामाला चालतात का सगळं विचारत बसले, मी मधे भाषांतर करत. मला वाटतं पूर्ण ट्रिपमधली सगळ्यात भारी वेळ तीच. जांबोला पायी दहाएक मिनिटं लागतात, शटलपण आहे, जाऊन लॉबीतला नायजेरियाच्या इग्बो लोकांचा भलामोठा इजेले मुखवटा नक्की बघा.

जेवायला किडानीतलं सनाआ, आफ्रिकन आन् भारतीय मिसळीचं जेवण, गरम नान आन् सोबत नऊ प्रकारच्या चटण्या-रायतं वगैरे, शाकाहारी माणसाचं पोट आरामात भरतं आन् खिडकीतून समोर जनावरं. टेबल 60 दिवस आधी बुक करता येतं, तेव्हाच करून टाका.

खोली स्वस्तात पाहिजे तर क्लबच्या मेंबरकडून पॉइंट भाड्यानं घेता येतात. ज्याची मालकी इथलीच आहे त्याला 11 महिने आधी बुकिंग करता येतं, बाकीच्या मेंबरना 7 महिने आधी, म्हणून इथलाच मालक शोधा आन् कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. विकत घ्यायच्या भानगडीत मात्र भारतात राहणाऱ्यानं पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, दरवर्षी मेंटेनन्स भरत राहावं लागतं आन् इथली मालकी 2057 ला संपते, त्यानंतर हातात काही राहत नाही.

बाकी मोनोरेल-बोट इथून नाही, सगळीकडं बसनंच जावं लागतं, ॲनिमल किंगडम जवळ असलं तरी पायी जाता येत नाही आन् मॅजिक किंगडम हे डिस्नेचं दुसरं पार्क तर लांबच पडतं, त्यामुळं सकाळी लवकर निघा.