बॅटरीची खुर्ची विमानात घेतात का?

“बाटरीवाली खुर्ची इमानात घेतेत का जी?” हिंगणघाटपासून उमरखेडपर्यंत हाच प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घेतात, तेही फुकट. पण तिकीट काढण्याआधी बॅटरीवरचं लेबल वाचा.

त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर गुणले की वॉट-अवर निघतात. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढून हातसामानात न्यावी लागते. एक असेल तर मर्यादा ३०० वॉट-अवर, दोन असतील तर प्रत्येकी १६०. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, चालते. २० अँपिअर-अवरची ४८० होते. दिवसभर लाइन नसली तरी पुरते म्हणून गावाकडं तीच घेतात, आणि काउंटरवर अडकतात. खुर्चीतच पक्की बसवलेल्या लिथियमला ही मर्यादा नाही. जेल बॅटरीही खुर्चीतच राहते. लेबल पुसलं असेल तर कंपनीचं पत्र मागवा. लिथियमसाठी त्यात यूएन ३८.३ चाचणीचा (संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली, बॅटरी वाहतुकीला सुरक्षित आहे का हे बघणारी) उल्लेख हवाच.

एअरलाइनला निदान ४८ तास आधी कळवायचं असतं. आम्ही म्हणू, तिकीट काढाल त्याच दिवशी. वजन, मापं, बॅटरीचा प्रकार, सगळं मेलवर लेखी. उंची विसरू नका. नागपूरहून मुंबई-दिल्लीचं विमान बोइंग ७३७ निघालं, तर त्याच्या सामानकप्प्याचं दार तीन फुटांहून बुटकं असतं. पाठ मुडपत नसेल तर खुर्ची आडवी टाकतात, आणि पहिली मोडते ती जॉयस्टिक. ती खोचणीतून सोडवून स्वतःजवळ ठेवा. मोटरजवळचा क्लच कुठं आहे, कुठल्या बाजूला फिरवला की चाकं मोकळी होतात, याचा फोटो इंग्रजी सूचनेसह पाठीला चिकटवा. नाहीतर लोडर ब्रेक लागलेली खुर्ची फरफटत नेतात.

खुर्ची विमानाच्या दारातच परत हवी, हे टॅगवर लिहून घ्या. मोडतोडीची भरपाई आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारणपणे १,५१९ एसडीआरपर्यंतच (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे अंदाजे पावणेदोन-दोन लाख रुपये. खुर्ची त्याहून महाग असेल तर चेक-इनलाच जादा किमतीचं घोषणापत्र द्या. त्याचे पैसे मागू शकतात. परदेशातही चालावा म्हणून चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना, तेही बघा.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला चाकांवरची माती चालत नाही. आपली काळी माती पुढच्या चाकांच्या फोर्कमध्ये घट्ट बसते. जुन्या टूथब्रशनं खरवडून ओल्या फडक्यानं पुसा. पाइप लावू नका, पाणी मोटरमध्ये शिरतं.