सुकेळी लॉग, बॅच ३: शनिवार-रविवार वाडीवर

सुकेळी म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली पिकली केळी. मागच्या दोन बॅचेसचं लिहिलं होतं, पहिली बरी आली, दुसरी चौथ्या दिवशी आंबली. वरून छान सोनेरी आणि मोडून बघितलं तर आत ओलसर, दारूसारखा वास, सगळी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून डोक्यात एकच होतं की तिसरी बॅच मी स्वतः उभं राहून लावणार, आणि उन्हाकडे कमी, संध्याकाळी केळी सुक्या पानांत बांधून ठेवण्याकडे जास्त लक्ष देणार.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर लेकीला घेऊन विरार लोकल पकडली, घरी पोचेपर्यंत साडेनऊ. पप्पांनी अढी आधीच उघडून ठेवली होती. एक घड, पाच फण्या, ४६ केळी, राजेळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, राजेळी ही केरळच्या नेंद्रनच्या घराण्यातलीच, लांब, जाड सालीची, कोनदार, घडाला केळी मोजकीच लागतात पण गर घट्ट आणि पाणी कमी. म्हणूनच सुकेळी हिचीच. वेलची केळी कितीही गोड असली तरी इथे चालत नाही, मी बॅच १ मध्ये चार वेलची बाजूला लावून बघितल्या होत्या, चिकट गोळा झाला नुसता.

साल पूर्ण काळी पडली तरी घाबरायचं नाही, उलट तेव्हाच सोलायची. आई म्हणते आजी सोलताना सुरी घेतच नसे, नखाने शिवण उकलायची आणि साल एका दमात खाली. यावेळी तसंच केलं. शनिवारी सकाळी आम्ही तिघी बसलो, लेकीचं काम सोललेल्या केळ्यावरच्या दोऱ्या काढायचं, त्या राहिल्या की वाळल्यावर तिथेच काळ्या रेघा उठतात. चार केळी टोकाला मऊ पडलेली म्हणून काढली, ४२ राहिली. पावणेनऊला वजन ५.४ किलो.

मांडव बांबूच्या कामट्यांचा, कमरेएवढा उंच, पायांखाली पाण्याच्या वाट्या मुंग्यांसाठी. वर मलमल, पण ताणून, केळ्याला चिकटू द्यायची नाही. नारळांची सावली सरून मांडवावर ऊन यायला साडेआठ होतात. जानेवारीत सकाळी वारा जमिनीकडून येतो, कोरडा असतो, दुपारी एक-दीडनंतर समुद्राकडचा सुरू होतो आणि हातालाच कळतं की हवा दमट झाली. म्हणजे वाळवणाचे खरे तास नऊ ते एक. हे मला दोन बॅच वाया... दोन नाही, एक बॅच वाया गेल्यावर कळलं. पलटायची पहिली पाळी म्हणून मी अकरालाच घेतली, आधी दुपारी दोनला घ्यायचे.

मधल्या वेळात वाडीची कामं. बावखलातल्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या, पंपाने पाणी ओढणं बंद केलं होतं, भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरला तर फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाइपच्या तळाच्या झडपेच्या, जाळीत शेवाळ आणि केळीची कुजकी पानं, शिवाय आतला वॉशर फाटलेला. आमचं बावखल अजून बुजवलेलं नाही याचं मला प्रत्येक वेळी बरं वाटतं. आजूबाजूची किती बावखलं भराव घालून गेली, आणि पावसाचं गोडं पाणी जिरायला जागा उरली नाही की विहिरीत खारं शिरणारच, मग राजेळी कुठली नि पानवेल कुठली. वॉशर आणायला आगाशी नाक्यावर गेलो, तिथे मापाचा मिळाला नाही म्हणून विरारपर्यंत, तिथेच वजनकाट्याचे सेल, दोन मीटर मलमल आणि आईच्या गोळ्या घेतल्या. ऊन चुकायला नको म्हणून मी सारखं घड्याळ बघत होते, पलटायला मात्र लेक आणि पप्पा घरी होते आणि त्यांनी नीट पलटली, फोटोसकट.

दुपारी केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, काढले. प्रत्येक गड्ड्याला एकच ठेवला, तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेला, रुंद पानाचे सगळे काढून टाकले, ते दिसायला टवटवीत पण घड बारीक देतात. घड कापलेल्या झाडाची सुकी पानं जपून गुंडाळून ठेवली, बांधणीसाठी तीच लागतात.

आता बांधणी. दिवसभराच्या उन्हात केळ्याची वरची बाजू वाळते, कातडं धरते, आतलं पाणी आतच अडकतं. ऊन जितकं कडक तितकं कातडं लवकर धरतं. रात्री सुक्या पानांत घट्ट बांधून टोपलीत ठेवली की आतला ओलावा हळूहळू वर येतो, कातडं पुन्हा मऊ पडतं, मग दुसऱ्या दिवसाचं ऊन ते पाणी घेऊन जातं. सुकेळी खरी रात्रीच होते, माझं आता तसंच मत झालंय. ओव्हनमध्ये किंवा ड्रायरमध्ये सलग बारा तास ठेवलेलं केळं वाळतं, पण त्याला तो मधासारखा रंग आणि चिवटपणा येत नाही. शनिवारी साडेसहाला, सूर्य बुडाल्यावर, बांधली. वजन ४.७.

रविवारी सातची मिस्सा. मला थोडी धाकधूक होती, उन्हाच्या वेळेला कोण असेल घरी, पण आमच्याकडे रविवारी सगळं घर मिळून चर्चला जातं आणि मलाही तेच हवं असतं, मुंबईत एकटीने जाणं वेगळं. फादरनी गोन्सालो गार्सियाच्या सणाची आठवण केली, वसईतच जन्मलेला माणूस, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाला, १८६२ मध्ये संत जाहीर झाला, गासचं चर्च त्याच्याच नावाचं. लेकीने कानात विचारलं, नागासाकी म्हणजे बॉम्ब पडला तेच का. हो म्हटलं. घरी येईपर्यंत ती त्याच विचारात होती, एवढ्या लांब तो गेला कसा, बोटीत काय खाल्लं असेल.

मिस्सानंतर आवारात आईच्या ओळखीच्या एक मावशी भेटल्या, त्यांच्या घरी पूर्वी दरवर्षी सुकेळी व्हायची. मी दुसऱ्या बॅचचं सांगितलं, चारच प्रश्न विचारले त्यांनी, त्यातला शेवटचा, बांधतेस किती वाजता.

"साडेसहाला, ऊन गेल्यावर."

"अगं, तेव्हा दंव पडायला लागलेलं असतं. केळं हाताला कोमट लागतंय तोवर बांधायचं. थंड झालं की ते बाहेरचंच पाणी पितं."

आणि अजून एक, पहिल्या दोन रात्री पानं दोन पदरी, नंतर एकपदरी. आईला हे ऐकून आजीचं आठवलं, ती चहा अर्धा टाकून मांडवाकडे धावायची, का ते आम्हाला कधी कळलं नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या फोनवर लिहून घेतलं. आजीचं असं काहीच लिहिलेलं नाही आमच्याकडे, ती गेली आणि तिच्याबरोबर सगळं गेलं असंच मी धरून चालले होते.

पावणेनऊला केळी उघडली, वजन ४.६, पण दोन-तीन हाताला गार, ओलसर लागली, म्हणजे मावशींचं खरं. अकराला पलटली, अडीचला पुन्हा, आणि पाच वाजताच बांधायला घेतली, केळी कोमट होती, दोन पदरी पानं, वर केळीच्याच सोपाची, म्हणजे खोडाच्या सुक्या पापुद्र्याची, दोरी. बांधायच्या आधीचं वजन ४.०५. पहिल्या बॅचचं दुसऱ्या दिवसअखेर वजन यापेक्षा कमी घटलं होतं, पण तेव्हा ऊन एकदम कडक आणि कातडं लवकर धरलेलं. पहिली बॅच शेवटी ४.८ ची २.१ झाली होती, त्या हिशेबाने ही २.२ ते २.४ च्या मध्ये थांबवायची.

आठवडाभर पप्पा बघणार, रोज सकाळी आणि पाचला वजन फोनवर कळवायचं ठरलंय. गुरुवारी एक मोडून बघतील, मधे पांढरट ओली रेघ दिसली तर अजून दोन दिवस. तुमच्यात कोणी खाडीजवळ, दमट हवेत वाळवत असेल तर रात्रीची टोपली घरात ठेवता की पडवीत ते सांगा, आमची सध्या माळ्यावर, चुलीच्या वरच्या बाजूला आहे.

परतीच्या गाडीत लेकीच्या हातांना केळ्याचा वास होता. रात्री साडेनऊला पप्पांचा फोन, टोपली चाचपून बघितली, अजून कोमट आहे.