काळा पडदा

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

सुरुवातीला नुसता काळा पडदा. मला वाटलं नेट गेलं. उठून राउटरची वायर हलवून आले. परत बसते तोच एक पोरगा थेट माझ्याकडे बघत बोलायला लागला: तिथं अंधारात बसून काय करताय? इथं काही होणार नाहीये. चोरी पकडल्यासारखं झालं.

जपानी दिग्दर्शक शुजी तेरायामाचा सिनेमा, 'पुस्तकं फेका, रस्त्यावर उतरा', १९७१चा. सव्वादोन तास. कथा अशी धड नाहीच. लढाईवरून परतलेला निकामी बाप, दुकानातून वस्तू उचलणारी आजी, सशात जीव अडकलेली बहीण सेत्सुको, आणि माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानाचं स्वप्न बघणारा हा पोरगा. मधेच सगळं हिरवं होतं, मधेच जांभळं. भर रस्त्यात लिंगाच्या आकाराची पंचिंग बॅग टांगलीय नि येणारे-जाणारे तिला ठोसे हाणतायत. मी एकटीच खो खो हसले.

जपानचा अमेरिकेशी असलेला सुरक्षा करार एवढी आंदोलनं होऊनही आदल्याच वर्षी पुढे चालू ठेवला गेला होता. म्हणजे रस्त्यावर उतरून हरलेल्यांनाच हा पुन्हा उतरा म्हणतोय. आणि पुस्तकं फेका सांगणारा हा माणूस कोण? तर कवी! कॉलेजात असताना किडनीच्या आजारानं काही वर्षं दवाखान्यात पडून होता, तिथं वाचत बसलेला. आधी भरपूर वाचा, मग फेका, असं असावं.

पण आजी शेजाऱ्याकडून ससा मारवते, आणि त्यानंतर फुटबॉलवाली पोरं सेत्सुकोवर तुटून पडतात, ते मला बघवलं नाही. व्हिडिओ पुढे ढकलला. भाऊ काही करत नाही. बंड पोरांचं, किंमत मात्र तिनं मोजायची. त्या काळच्या आपल्याकडच्या अनियतकालिकवाल्यांचे, म्हणजे जमेल तेव्हा छोटे बंडखोर अंक काढणाऱ्या लेखक-कवींचे किस्से ऐकतानाही मला हेच खटकतं, बायका कुठेतरी चहा करत असतात. त्या पोराला उलट विचारावंसं वाटलं, तू काय करत होतास रे तिथं?

शेवटी तोच परत येतो. दिवे लागले की सिनेमा संपला, सगळं नाहीसं होणार, म्हणतो. तेव्हा थिएटरात खरंच दिवे लागले असतील, लोक डोळे चोळत चपला शोधत असतील. माझ्या खोलीतला दिवा मघापासून चालूच होता. बॅटरी आठ टक्के. चार्जर सापडेपर्यंत लॅपटॉप बंद पडला, आणि काळ्या स्क्रीनवर माझंच तोंड.